काजूच्या बोंडाची गोव्यात फेणी होते, मग मंडणगडात गुन्हा का? गोष्ट चवीची आणि कायद्याची

मार्च-एप्रिलमध्ये मंडणगड तालुक्यातल्या कुठल्याही काजूच्या बागेत शिरा, डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. गोड, आंबूस आणि थोडा उग्र असा वास भरून राहिलेला असतो. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा पडलेला असतो. बी पिळून काढली जाते, वाळते, पोत्यात भरली जाते आणि व्यापाऱ्याकडे जाते. बोंड तिथंच राहतं. पोरं मीठ-तिखट लावून चार खातात, काही गुरांच्या पोटात जातात, बाकीची मातीत.

आता जरा हिशेब बघा. झाडावरून जे फळ पडतं त्यात बीचं वजन फार थोडं असतं. बोंड बीच्या कितीतरी पट जड असतं. म्हणजे शेतकरी झाडाचं बहुतांश उत्पन्न रानात टाकून देतो आणि उरलेल्यावर घर चालवतो.

हेच बोंड गोव्यात पडलं तर? ते तुडवलं जातं, रस आंबवला जातो, भट्टीवर चढतो आणि त्याची आधी हुर्राक, मग फेणी होते. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने कायदा बदलून तिला वारशाचं पेय ठरवलं. आज ती देखण्या बाटलीत विकली जाते, तिचे चव घेण्याचे कार्यक्रम होतात, पाहुणे नाक ग्लासात घालून ‘अननस, पिकलेला पेरू, थोडी मिरी’ असं काहीबाही लिहून घेतात.

मंडणगडात कुणी हाच प्रकार घरामागे केला तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची गाडी येते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते : ‘हातभट्टीवर छापा, रसायन नष्ट.’

फळ तेच, वास तोच. एका ठिकाणी त्याला चव आहे, दुसऱ्या ठिकाणी फक्त कलम. असं का?

आधी चव घेणं म्हणजे काय ते बघू

वाइन किंवा दारूची ‘चव घेणारे’ लोक हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे. ग्लास फिरवायचा, हुंगायचं, तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. पैसे देऊन घेतलेली वस्तू थुंकतात, म्हटल्यावर हसू येणारच.

पण त्यामागं साधं शास्त्र आहे. जिभेला मोजक्या चवी कळतात. आपण ज्याला चव म्हणतो त्यातली बरीचशी वास असते. घोट तोंडात असताना वास घशामागून नाकात चढतो. सर्दी झाली की आमटी बेचव लागते ती याचमुळे. म्हणून पारखी माणूस आधी रंग बघतो, मग हुंगतो, मग छोटा घोट घेतो आणि मग थांबतो, कारण घोट गेल्यावर किती वेळ आणि काय उरतं हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि थुंकतो यासाठी, की वीस नमुने गिळले तर एकविसाव्याला चव राहत नाही आणि पारखीही.

कडक दारूचं तंत्र थोडं वेगळं. मद्यार्क जास्त असला की तो नाक बधिर करतो. स्कॉटलंडमधले व्हिस्की मिसळणारे तज्ज्ञ नमुन्यात पाणी घालून मद्यार्क साधारण २० टक्क्यांवर आणतात आणि मगच हुंगतात. त्यामुळे ‘पाणी घालणं म्हणजे अपमान’ वगैरे ऐकलं तर मनावर घेऊ नका.

जाता जाता, आपल्याकडच्या बाटल्यांवर ‘४२.८ टक्के’ असा विचित्र आकडा का असतो? जुन्या ब्रिटिश मोजमापात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. त्याच्या ७५ टक्के केले की येतात ४२.८. इंग्रज गेले, आकडा राहिला. फेणीही साधारण याच ताकदीची असते.

मिरीचा वास नाशिकच्या वाइनमध्ये कुठून येतो?

वाइनचं वर्णन ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की हे लोक फेकतात. द्राक्षात मिरी कुठून आली?

खरंच येते. शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षात रोटुंडोन नावाचा एक पदार्थ असतो. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की काळ्या मिरीचा वास ज्यातून येतो तोच हा पदार्थ. कोकणात सुपारीच्या झाडावर चढलेल्या मिरवेलीत जे आहे, तेच शिराझच्या सालीत. नाशिकला शिराझ भरपूर पिकते, पुढच्या वेळी लक्ष द्या. तसंच पिकलेल्या केळ्याचा वास : तो आयसोअमाइल अॅसिटेट या पदार्थाचा. आंबवण्याचं काम करणारं यीस्ट तो स्वतःच तयार करतं, म्हणून केळ्याशी संबंध नसलेल्या ताज्या वाइनलाही केळ्याचा वास येऊ शकतो.

१९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अॅन नोबल यांनी हे सगळे वास एका चक्रावर मांडले. मध्ये ढोबळ शब्द, कडेला नेमके. ‘फळांचा वास’ म्हणून थांबायचं नाही. कोणतं फळ, कच्चं की पिकलं, ताजं की मुरांब्यातलं, इथपर्यंत जायचं. हेतू एवढाच, की दोन माणसं एकाच वासाबद्दल बोलताहेत याची खात्री व्हावी.

अडचण ही, की त्या चक्रावरची फळं त्यांच्या बाजारातली आहेत. गूजबेरी, ब्लॅककरंट. मंडणगडच्या माणसाने ब्लॅककरंट कुठे खाल्लंय? त्याच्याकडे करवंद आहे, जांभूळ आहे, रातांबा आहे, तोरण आहे. आंब्याच्या तर चार अवस्था आहेत : बाळकैरी, पाडाचा, पिकलेला, उतरलेला. प्रत्येकीचा वास वेगळा आणि प्रत्येकाला माहीत असलेला.

मराठीत वासाचे शब्दही कमी नाहीत. खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, उबट, आंबूस, हिरवट, उग्र. यातला ‘खवट’ शब्द घ्या. जुनं तेल, जुनं खोबरं, जुने शेंगदाणे, तिन्हींतलं एकच बिघडलेपण तो पकडतो. इंग्रजी वाइन-वर्गात ज्याला दोष ओळखणं म्हणतात, ते आपली आजी डबा उघडून एका शब्दात करते.

सगळ्याच भाषा वासाच्या बाबतीत एवढ्या श्रीमंत नसतात. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट या संशोधकांनी २०१४ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. मलेशियाच्या जंगलातले जहाय लोक वासांना जितक्या सहज नावं देतात तितक्याच सहज रंगांना. इंग्रजी बोलणारे मात्र रंग पटकन सांगतात आणि वास आला की चाचपडतात. म्हणजे ‘नाक तयार असावं लागतं’ हे अर्धच खरं. भाषा तयार असावी लागते.

मग आपल्या शब्दांत सांगायचं तर? नाशिकची शेनिन ब्लाँ : अर्धवट पिकलेला पेरू, लिंबाची साल, शेवटाला हलका गोडवा. शिराझ : जांभूळ, मिरी आणि दाढांना लागणारा तुरटपणा. ताजी माडी : गोड ताकासारखी, फसफसती, दुपार कलली की आंबट. मोहाची : मनुका, वाळलेली फुलं, मागं मातकट गोडवा. हुर्राक : बोंड कापल्यावर येतो तसाच रसरशीत वास, फार कडक नाही, लिंबू-मीठ मागणारी. आणि फेणी : तोच वास, पण पिकून उतरलेला, उग्र, ग्लास धुतल्यावरही न जाणारा. फेणी अनेकांना पहिल्यांदा आवडत नाही हे मान्य करू. हिंगही परदेशी माणसाला पहिल्यांदा आवडत नाही.

बोंडाची खरी खूण मात्र तुरटपणा. खाल्ल्यावर घशात खवखव होते ती त्यामुळेच, आणि पोरं मीठ लावतात तेही त्याचसाठी. आपल्या षड्रसांत तुरट ही स्वतंत्र चव आहे. आधुनिक शास्त्र तिला चवीपेक्षा स्पर्श मानतं : लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात आणि तोंड कोरडं खरखरीत लागतं. रेड वाइनची अर्धी पारख या तुरटपणावर चालते. काजूचा रस गाळला की टॅनिन मागं राहतं आणि वास तेवढा वर चढतो. म्हणून फेणीत बोंडाचा वास आहे, खवखव नाही.

डोळे नाकाला फसवतात

२००१ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो इथल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक वाइन दिली. मूळची पांढरी, पण बिनवासाचा लाल रंग घातलेली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेली नाकं होती, तरी डोळ्यांनी जे सांगितलं तेच त्यांना वासात सापडलं.

आता हाच नियम बाटलीवरच्या शिक्क्याला लावा. कागदी वेष्टन, सोनेरी अक्षरं आणि ‘वारसा’ हा शब्द दिसला की उग्र वासाला आपण ‘बाणेदार’ म्हणतो. प्लास्टिकच्या कॅनमध्ये तोच वास असला की नाक मुरडतो. आपल्या कायद्याने तर शिक्का आधीच मारून ठेवलाय. १९८१ चा राज्याचा एक स्थानबद्धतेचा कायदा आहे, ज्याला आपण ‘एमपीडीए’ म्हणतो. त्याच्या मराठी नावातच झोपडपट्टीदादा आणि धोकादायक व्यक्ती यांच्या रांगेत ‘हातभट्टीवाले’ बसलेत.

ही रांग आजची नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचं काम गावातून काढून मोठ्या ठेकेदारांकडे न्यायला सुरुवात केली आणि ताडी-माडीच्या झाडांवर कर बसवला. कोकणातल्या भंडारी समाजाला याची सगळ्यात मोठी झळ बसली. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा वेगळा कायदा आला आणि फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे तोच कुलाबा, आताचा रायगड. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, जो आजही लागू आहे. कागदोपत्री महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. बिअर-वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५.

गोवा मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. १९४९ चा दारूबंदी कायदा तिथं आलाच नाही. दर हंगामात काजूच्या बागांचे विभाग लिलावात जातात, भट्टीला परवाना मिळतो, गाळणारा उघडपणे गाळतो. उघड असल्यामुळे तो चांगलं-वाईट यावर शेजाऱ्याशी वाद घालतो. असा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला की त्यातूनच पारख तयार होते. लपून केलेल्या कामाला पारख नसते, फक्त घाई असते.

पण सरकारने परवानगी दिली होती ना?

दिली होती. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूची बोंडं आणि मोहफुलं यांच्यापासून बनणाऱ्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ या वर्गात घ्यायला मान्यता दिली. कारण असं, की ‘देशी’चा शिक्का बसला की चांगल्या दुकानात जागा नाही आणि चांगला भावही नाही. कोकणातल्या बोंडाला कागदावर विदेशी व्हावं लागलं! (तसं काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं, त्यामुळे अगदीच खोटं नाही.)

२०२३ मध्ये कोकण आणि कोल्हापूरचे चंदगड-आजरा तालुके धरून काजू फळ विकास योजनाही मंजूर झाली. मग जून २०२५ मध्ये राज्याने दारूवरचं शुल्क वाढवलं आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग काढला. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकरसाठी १४८, भारतात बनलेल्या विदेशी मद्यासाठी २०५ आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. गंमत म्हणजे ‘महाराष्ट्र मेड’ नाव असलेला हा वर्ग धान्यापासूनच्या मद्यासाठी आहे. कोकणातलं फळ त्यात बसत नाही.

या चार पायऱ्यांकडे नीट बघा. कशापासून बनलं, किती खर्चात बनलं, शुल्क किती, एवढंच त्यात आहे. ते पिण्यासारखं आहे का, हा प्रश्न कुठेच नाही. फ्रान्समध्ये उलटी रीत चालत आलीय : गावाचं नाव बाटलीवर लावायचं असेल तर ती वाइन त्या गावच्या चवीची आहे का, हे तपासलं जातं. भारतातही भौगोलिक मानांकन मागताना वस्तूचं वर्णन द्यावं लागतं आणि तिचं मातीशी नातं दाखवावं लागतं. गोव्याने फेणीसाठी ते केलं.

आणि इथं मंडणगडची खरी अडचण येते. उद्या सगळे परवाने मिळाले तरी इथल्या बोंडाच्या मद्याला ‘फेणी’ म्हणता येणार नाही. ते नाव गोव्याचं. महाराष्ट्राला वेगळं नाव शोधावं लागेल, आणि नाव वेगळं ठेवायचं तर आपली चव वेगळी काय, ते सांगता यायला हवं. जांभ्याच्या उतारावरचं बोंड गोव्याच्या बोंडापेक्षा निराळं लागतं का? वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेल्या काजूच्या जातींची निवड करताना मुख्यतः बी बघितली गेली. त्यांच्या रसाची पारख कोण करणार? दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ मंडणगडला लागूनच आहे. या कामाला त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

नाशिकने हे करून दाखवलंय. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, शुल्कात सूट दिली. सुलाने त्याआधीच, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली होती. मग वाइनरीत लोकांना बसवून चव कशी घ्यायची ते शिकवलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. ज्या राज्यात शेतकरी खाण्याच्या द्राक्षांपलीकडे बघत नव्हते, तिथं वाइनच्या द्राक्षांचे करार व्हायला लागले. तरीही हे सरळ चाललं असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायचा निर्णय झाला आणि एवढा गदारोळ उठला की तो अमलात आलाच नाही.

विरोध करणारे चूक आहेत का?

मला तसं वाटत नाही. दारूने घर बसलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांच्यासमोर ‘पेरूचा सुगंध’ वगैरे बोलणं क्रूरपणाचं आहे. याच महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडली. उभी बाटली की आडवी, या मतदानात ५० टक्क्यांहून जास्त महिला मतदारांनी ‘आडवी’वर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. मंडणगडसारख्या तालुक्यात अर्धं घर मुंबईला नोकरीसाठी असतं आणि गावात बाई एकटी संसार ओढते. तिचं मत या धोरणात कुठे येतं, हे २०२२ च्या निर्णयातून कळत नाही.

दुसरा मुद्दा जीविताचा. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथं विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. अशा घटनांमध्ये बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचं मिथेनॉल मिसळलेलं असतं. आणि इथं चवीचं सगळं शास्त्र हात टेकतं. मिथेनॉलचा वास आणि चव साध्या मद्यार्कासारखीच असते. कितीही तयार नाक असो, ते ओळखता येत नाही. काडी लावून ज्योतीचा रंग बघण्याची गावठी परीक्षाही विश्वासाची नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं. म्हणजे परवाना नसलेली भट्टी ‘पारंपरिक’ म्हणून गोड मानून घेण्यात अर्थ नाही. परवाना आणि तपासणी दोन्ही हवीत.

तिसरा धोका थोडा दूरचा आहे, पण मेक्सिकोत तो दिसलाय. तिथं मेझकाल ही गरिबांची, खेड्यात गाळलेली दारू होती. १९९४ मध्ये तिला कायद्याने संरक्षित नाव मिळालं, जगभर भाव आला. पण नाव लावायचं तर नोंदणी, तपासणी, शुल्क. ज्यांना ते परवडलं नाही त्यांना आपल्याच दारूला मेझकाल म्हणता येईना. कोकणात हेच झालं तर बोंड मंडणगडचं, नाव कोकणचं आणि बाटली मुंबईच्या कुणा कंपनीची, असं होईल.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न वेगळाच

तो चवीचा नाही, वेळेचा आहे. बोंड झाडावरून पडलं की काही तासांत आंबायला लागतं, दुसऱ्या दिवशी कामाचं राहत नाही. दोडामार्गाला निदान गोवा शेजारी आहे. मंडणगड आणि गोवा यांच्यामध्ये अख्खा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा येतो. म्हणजे बोंड इथंच, त्याच दिवशी, गावापासून जवळ पिळलं गेलं पाहिजे. रस काढला, गाळला, थंड ठेवला किंवा लगेच आंबवायला घातला, तरच पुढं सरबत असो, व्हिनेगर असो की मद्य, काहीतरी होईल. दारू नको असं गावाने ठरवलं तरी पिळणारं यंत्र आणि गोळा करणारी गाडी लागणारच आहे.

तोवर चव बघायची असेल तर एप्रिलमध्ये गोव्यात परवानाधारक दुकानात हुर्राक मिळते. तिचा हंगाम छोटा असतो आणि पावसाच्या तोंडावर ती संपते. बाटली सोबत आणायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, परवाना नसताना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सिंधुदुर्गात शिरताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबवली जाऊ शकते.